एका ओळीत अख्खी आळी

“एका ओळीत करून देतो,” असं मेन्नो झाइल्स्ट्रा भर सभेत बोलून गेला, आणि शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने, हिस्केने, तोंडापर्यंत नेलेलं बिस्किट परत बशीत ठेवलं. एकतीस वर्षांच्या संसारात हिस्केने बिस्किट खाली ठेवलं की पुढे काय वाढून ठेवलेलं असतं, हे मेन्नोला पक्कं ठाऊक होतं. पण माणूस बोलण्याच्या भरात असला की त्याला बायकोची बशी दिसत नाही.

सभा होती झाउटकाडे रहिवासी मंडळाची. ओस्टरझाइल गावात कालव्याच्या काठाने चौतीस घरांची ही आळी. येत्या मे महिन्यात आळीला पंच्याहत्तर वर्षं पुरी होत होती. काय करावं यावर तीन शनिवार खल झाला होता. अखेर असं ठरलं की आळीच्या जुन्या फोटोंचं एक भलंमोठं कापड छापायचं, तीन मीटर लांबीचं, आणि ते घाटावर टांगायचं. मंडळाच्या अध्यक्ष रुलीन हानबाई म्हणाल्या, “शेकडो फोटो जुळवून एकत्र चिकटवायचे म्हणजे महिनाभराचं काम. कोण करणार?” त्यावर मेन्नो ते वाक्य बोलला.

त्याच्या बोलण्याला आधार नव्हता असं नाही. मेन्नो पाणीखात्यात नोंदणी विभागात होता. बंधाऱ्यांची उंची, कालव्यांची पातळी, पंपांचे आकडे, असलं सगळं त्याच्या हाताखालून जाई. तिथे तो काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत हुकूम लिहून काम करी. बटणं नाहीत, चित्रं नाहीत, माउस तर नाहीच. “ज्याला लिहिता येत नाही त्याने बोट दाखवावं,” असं तो माउसबद्दल म्हणे. गेल्या हिवाळ्यात त्याने घरी बसून एक प्रोग्राम लिहिला होता. नाव ‘प्लाक’, म्हणजे ‘चिकटव’. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची, ‘प्लाक गाय चाळीस’, की प्लाक इंटरनेटवर जाऊन गायींचे चाळीस फोटो शोधून आणी, कापूनकोरून एकाला एक जोडी आणि एक सुबक मोठं चित्र तयार करी. आतापर्यंत त्याने गाय, पवनचक्की आणि चीज अशी तीन चित्रं केली होती. तिन्ही बैठकीच्या खोलीत लावायला हिस्केने नकार दिला होता. थोडक्यात, प्रोग्राम तयार होता आणि त्याला जगात काही काम नव्हतं.

“दाखव तर खरं,” समोरच्या घरातला बाउके मोल म्हणाला. बाउके निवृत्त बोटवाला. दुसऱ्याची फजिती बघायला तो सकाळची झोपसुद्धा मोडी.

मेन्नोने लॅपटॉप रुलीनबाईंच्या टीव्हीला जोडला. घरटी एक शब्द, म्हणजे आडनाव, द्यायचं की प्लाक त्या त्या घराचे फोटो आणेल, असं त्याने समजावून सांगितलं. “अध्यक्षांपासून सुरुवात करू,” असं म्हणून त्याने दाराच्या पाटीवर होतं तसं आडनाव लिहिलं, ‘प्लाक हान चाळीस’, आणि बटण दाबलं.

आता त्यांच्या भाषेत ‘हान’ म्हणजे कोंबडा. पडद्यावर चाळीस कोंबडे उभे राहिले. तांबडे, काळे, मान ताठ केलेले, आरवणारे. एक तर थेट सभेकडे रोखून बघत होता.

मग बाउके शांतपणे म्हणाला, “रुलीन, तिसऱ्या रांगेतला डावीकडचा बघ. अगदी तुझे वडील गं. तेच डोळे.”

मेन्नोने घाईघाईने पुढचं आडनाव घेतलं. घाईत माणूस हाताशी येईल ते घेतो, म्हणून त्याने बाउकेचंच घेतलं. ‘मोल’ म्हणजे जमीन पोखरणारा, मातीत डोकं घालून बसणारा तो आंधळा प्राणी. चाळीस आले. बाउके खो खो हसला, पण एकटाच हसला, कारण रुलीनबाईंचे ओठ अजून मिटलेले होते. बारा नंबरचे कोनिंग मात्र खूश झाले. ‘कोनिंग’ म्हणजे राजा. त्यांच्या वाट्याला सिंहासनं, मुकुट आणि चार घोड्यांची एक बग्गी आली. “माझं असंच राहू द्या,” असं ते पुढे दीड महिना म्हणत राहिले आणि घरचा एकही फोटो द्यायला तयार झाले नाहीत.

“माझ्या बहिणीने झ्वोलमध्ये मोबाइलवर पाच मिनिटांत केलं होतं,” रुलीनबाई म्हणाल्या. “लाल बदाम पण होते त्यात.”

हे बदाम मेन्नोला फार लागले. कोंबड्यांचा दोष त्याचा होता, ते त्याला मान्य होतं, पण बदाम! घरी येताना तो हिस्केला म्हणाला, “शोध चुकला नाही. शोधायची जागा चुकली. प्लाक जगभर शोधतो. त्याला आळीच्याच फोटोंत शोधायला लावायचं. आळीचे सगळे फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचे, प्रत्येकाला शब्द जोडायचे, की झालं.”

“किती असतील सगळे?”

“हजारभर.”

घराची किल्ली हिस्केने जरा जास्तच जोरात फिरवली.

हजारभर नव्हते. सोमवारपासून दार वाजायला लागलं आणि फोटो येत गेले. बुटांच्या खोक्यांतून, बिस्किटांच्या डब्यांतून, उशीच्या अभ्र्यातून. एक तर माशांच्या प्लास्टिकच्या क्रेटमधून आले, आणि तो वास पुढे आठवडाभर जिन्यात मुक्कामाला होता. जो तो फोटोंबरोबर एक सल्लाही आणून देई. सहा नंबरच्या बाईंनी सांगितलं की स्कॅनरची काच व्हिनेगरने पुसावी. वीस नंबरवाले म्हणाले की व्हिनेगर कधीच लावू नये, त्यांच्या मेव्हण्याची काच त्यानेच गेली. बाउके म्हणाला, “फोटोचा फोटो काढ रे सरळ. स्कॅनर म्हणजे सरकारी काम.” मेन्नोने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि कोणाचंच केलं नाही. जेवणाच्या टेबलावर स्कॅनर मांडून तो रोज कामावरून आला की बसे. हिस्के ताट घेऊन जिन्याच्या पायरीवर जेवायला लागली.

शब्द जोडण्याचं काम त्याने शेजाऱ्यांवरच सोपवलं होतं. प्रत्येक फोटोबरोबर एक चिठ्ठी, चिठ्ठीवर फोटोत कोण आहे ते लिहायचं. इतकी साधी सूचना माणसं इतक्या परींनी पाळू शकतात हे मेन्नोला ठाऊक नव्हतं. बाउकेने आपल्या एकशे चाळीस फोटोंवर एकच शब्द लिहिला होता, ‘मी’. सहा नंबरच्या बाईंनीही ‘मी’. तपासलं तर निम्म्या आळीने तेच लिहिलेलं. उरलेल्यांनी ‘आई’, ‘आजी’, ‘तो’ आणि ‘हा कोण?’ असं लिहिलं होतं. मेन्नोने सहज म्हणून ‘प्लाक मी’ असा हुकूम दिला, तर सहाशे बारा माणसं आली: बाप्ये, बाया, दुपट्यातली बाळं आणि एक बोकड. ‘प्लाक आजी’ म्हटल्यावर एकोणीस आज्या आल्या. सगळ्यांचे केस सारखे, चष्मे सारखे, हातातली पर्सही सारखीच. कोणती कोणाची हे नंतर नातवंडांनाही सांगता येईना, आणि दोन घरांत एकाच आजीवरून आठवडाभर अबोला राहिला.

तरी तो डगमगला नाही. तीन आठवड्यांत एकोणीसशे फोटो आत घेतले, ‘मी’च्या जागी नावं घातली, आणि कापडाचा पहिला नमुना तयार झाला. बरा दिसत होता. आता घाटावर टांगायला नगरपालिकेची परवानगी हवी होती.

नगरपालिकेच्या खिडकीतल्या बाई अतिशय सभ्य होत्या. मेन्नोला पुढे कितीदा तरी वाटलं, त्या जरा कमी सभ्य असत्या तर निदान भांडता तरी आलं असतं.

“चित्र अर्जाला जोडावं लागेल,” त्या म्हणाल्या. “फाइल लहान हवी. आणि उभ्या कागदावर.”

“कापड आडवं आहे हो. तीन मीटर.”

“हो ना. पण अर्ज उभा आहे.”

मेन्नोने प्लाकला चित्र लहान करायचा हुकूम दिला. ते इतकं लहान झालं की एकोणीसशे माणसं एका राखाडी डागात विरघळून गेली. आठवड्याने बाईंचा फोन आला. “समितीने चित्र पाहिलं. घाट संरक्षित आहे, तरी राखाडी कापडाला त्यांची हरकत नाही. फक्त तुम्ही अर्जात ‘रंगीत’ असं लिहिलंय. त्यात विसंगती आहे.”

“तो डाग नाही, आमची आळी आहे!”

“असेल हो. आणखी एक. चित्रात माणसं असतील तर प्रत्येकाची लेखी संमती लागेल.”

“अर्धे तर मेलेत.”

“मृतांची संमती लागत नाही,” बाई दिलासा देत म्हणाल्या. “फक्त कोण मृत आहेत त्यांची यादी जोडा.”

यादी करायला मेन्नो बाउकेकडे गेला, कारण आळीतल्या मरणांची खडान्‌खडा माहिती बाउकेकडे असते असा समज होता. हा समज बाउकेनेच पसरवला होता. त्याने एका बैठकीत चव्वेचाळीस माणसं मारली. मेन्नोने यादी टाइप करून मंडळाच्या फलकावर लावली आणि चूक असल्यास कळवावं अशी तळटीप घातली. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्या आवाजात फोन आला.

“मी हर्मेन न्हावी बोलतोय, ग्रोनिंगेनहून. मुलीकडे असतो. मला कोणी मारलं?”

मेन्नोला खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. “बाउकेने.”

“वाटलंच. एकोणनव्वद साली माझी शिडी नेली होती त्याने. मी मेलो म्हणजे त्याला परत द्यायला नको. त्याला म्हणावं, मी जिवंत आहे, आणि शिडी ॲल्युमिनियमची होती.”

यादी दुरुस्त झाली, अर्ज दुरुस्त झाला, ‘रंगीत’च्या जागी ‘संमिश्र’ असा शब्द आला. निर्णय आठ आठवड्यांत कळेल असं पत्र मिळालं. कार्यक्रमाला पाच आठवडे उरले होते.

आणि मग तो शनिवार उगवला.

त्या सकाळी मेन्नोने आवराआवर काढली. रुलीनबाईंच्या घरचे चाळीस कोंबडे अजून त्याच फोल्डरमध्ये वळचणीला बसले होते, आणि जाता-येता त्याला ते दिसत. त्याने ठरवलं, आज हे उडवायचे. ज्यांच्या नावाची सुरुवात ‘हान’ने होते ते सगळे पुसून टाक, अशी ओळ लिहायची होती. ‘हान’ला लागूनच एक चांदणीची खूण (*) द्यायची, म्हणजे कॉम्प्युटर समजतो, ‘हान’ आणि पुढे काहीही. मेन्नोने ‘हान’ लिहिलं, बोट चुकून लांब बटणावर पडलं, एक रिकामी जागा सुटली, मग चांदणी आली. कॉम्प्युटरने त्याचा अर्थ असा लावला: ‘हान’ पुसा, आणि काहीही पुसा.

काळा पडदा कधी ‘नक्की ना?’ असं विचारत नाही. मेन्नोला त्याचा हाच गुण सर्वांत जास्त आवडत असे.

एकोणीसशे फोटो गेले. कोंबडे गेले, आज्या गेल्या, बोकड गेला. मेन्नो खुर्चीत ताठ बसून राहिला.

“दुसरी प्रत असेल ना?” हिस्केने दारातून विचारलं. तिला त्याच्या पाठीवरूनच कळलं होतं.

दुसरी प्रत होती. दुसरी प्रत ठेवण्याच्या महत्त्वावर मेन्नोने स्वतः पाणीखात्यात चौदा पानी परिपत्रक काढलं होतं. घरीही त्याने तशी सोय केली होती. रोज दुपारी बारा वाजता मूळ फोल्डरची हुबेहूब प्रत आपोआप दुसऱ्या डिस्कवर होई. त्याने घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून चार मिनिटं झाली होती. प्रत झाली होती. रिकाम्या फोल्डरची, हुबेहूब.

फोटोंची खोकी तर त्याने गुरुवारीच घरोघर परत केली होती, पावती घेऊन.

हिस्केने पाणी आणून दिलं. “रुलीनला सांगायचं का? मोबाइलवरच करू दे तिला.”

“बदाम घालून?” मेन्नो म्हणाला. घोटभर पाणी पिऊन तो उठला, स्कॅनरची वायर काढली, स्कॅनर रेनकोटात गुंडाळला आणि सायकलच्या पुढच्या क्रेटमध्ये ठेवला. “आता फोटो माझ्याकडे येणार नाहीत. मी फोटोंकडे जातो.”

सायकलवरून स्कॅनर न्यायला ती काही लांबची वाट नव्हती. पण समुद्राकडून वारा असा येत होता की पहिल्या दोन घरांमधलं अंतर त्याने तीनदा कापलं. चौतीस घरं. प्रत्येक घरात बसून स्कॅन करायचं, फोटोची मागची बाजूही बघायची, आणि शब्द घरच्या माणसाला विचारून तिथल्या तिथे लिहायचे. आता चिठ्ठ्यांवर विश्वास नाही. प्रत्येक घरात कॉफी आली. एक कप, एक बिस्किट. मग डब्याचं झाकण बंद. मग दुसरा कप, आणि बिस्किट नाही. दिवसाला चार घरं म्हणजे आठ कप. त्यामुळे मेन्नोला आळीतल्या सगळ्या संडासांची चांगलीच ओळख झाली. तिकडे संडासात ओळखीपाळखीच्यांच्या वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं असतंच, आणि तिथे बसल्यावर माणसाला वाचायला दुसरं काही नसतं. सतरा घरांच्या कॅलेंडरवर मेन्नोचं नाव नव्हतं. बाउकेकडे होतं, पण ऑगस्टात. मेन्नो फेब्रुवारीचा.

“दर वर्षी मला ऑगस्टात केक खायला बोलवायचास, ते एवढ्यासाठी?” त्याने बाहेर येऊन विचारलं.

“आणि तू यायचास,” बाउके म्हणाला. “मला वाटलं बरोबरच असेल.”

पण माणसं फोटो हातात धरून बोलायला लागली की वेगळीच होतात, हेही मेन्नोच्या लक्षात आलं. चिठ्ठीवर ‘हा कोण?’ लिहिणाऱ्या सहा नंबरच्या बाई समोर बसल्यावर म्हणाल्या, “हा माझा भाऊ. बोलत नाही आम्ही.” आणि मग अर्धा तास त्याच्याबद्दलच बोलल्या. रुलीनबाई आधी दारातच उभ्या राहिल्या. “कोंबडे नाहीत ना आणलेस?” “गेले, सगळ्यांना घेऊन गेले,” मेन्नो म्हणाला. त्याच्या तोंडाकडे बघून त्यांनी दार पूर्ण उघडलं. कोनिंग तेवढे अडून बसले. त्यांच्या बायकोने ते फिरायला गेल्यावर अल्बम काढून दिला.

आठव्या दिवशी तो एकतीस नंबरला पोचला. तिथे यीत्स्के पोस्टमाबाई राहत. शहाऐंशी वर्षांच्या, एकट्या. सभेला त्या कधी येत नसत. त्यांनी एक पाकीट पुढे केलं. त्यात अकरा फोटो. अकराही त्यांचेच. सायकलपाशी, बोटीपाशी, बर्फावर, दारात बादली घेऊन.

“आणि रायन्डरचे?” मेन्नोने विचारलं. रायन्डर त्यांचा नवरा, जाऊन एकोणीस वर्षं झाली होती.

“एकही नाही रे. कॅमेरा त्याचाच ना. तेव्हा आळीत एकच होता. लग्नातला एक फोटो होता, तळघरात पाणी शिरलं तेव्हा गेला.” त्या खिडकीबाहेर बघत होत्या. “तोंड विसरले नाही मी. पण हल्ली सकाळी उठल्यावर ते डोळ्यांपुढे यायला वेळ लागतो. तू सगळ्यांकडचे फोटो बघतोयस. कुठे कोपऱ्यात असेल तर बघशील? कोट दिसला तरी ओळखेन मी त्याचा.”

“बघतो,” मेन्नो म्हणाला. या खेपेला ‘एका ओळीत’ असं काही त्याच्या तोंडातून निघालं नाही. त्यांनी बिस्किटांचा डबा पुन्हा उघडून त्याच्यापुढे धरला. झाउटकाडेवर असं कोणी करत नाही. मेन्नोने दुसरं बिस्किट घेतलं.

चौतिसावं घर संपलं त्या दिवशी, रविवारी दुपारी, त्याने हिस्केला टेबलापाशी बोलावलं. दुसरी प्रत आता तीन ठिकाणी होती. एक पाणीखात्याच्या कपाटात. मग त्याने लिहिलं, ‘प्लाक रायन्डर’.

पडद्यावर आकडा आला, त्रेसष्ट.

“त्रेसष्ट!” मेन्नो ओरडला. “म्हातारीला एक हवा होता, त्रेसष्ट सापडले! हिस्के, आपण जिंकलो!”

मग चित्र उघडलं. त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. एकाही फोटोत रायन्डर नव्हता. शब्द मात्र होता, प्रत्येकाच्या मागच्या बाजूला, निरनिराळ्या अक्षरांत, आणि मेन्नोनेच तो घरोघर बसून टिपला होता: ‘रायन्डरने काढला, बासष्ट साली’, ‘रायन्डरने काढला, ईस्टर’, ‘नवी बोट, रायन्डरने काढला’. प्लाकला माणूस हवा होता की त्याचं नाव, हे कोणी सांगितलं नव्हतं. पुन्हा कोंबडेच. मेन्नोला वाटलं, हा लॅपटॉप उचलावा आणि सरळ कालव्यात सोडून द्यावा.

हिस्के मात्र हलली नाही. ती वाकून एकेक फोटो बघत होती. मग म्हणाली, “किती घरांतले आहेत हे?”

त्याने मोजले. “एकतीस. उरलेले तीन नंतर राहायला आलेले.”

“मग कापड याचंच कर.”

“अगं, पण यात तो नाहीये! काय दाखवू त्यांना?”

“तू कर.”

हिस्केने चुकीचं सांगितलं असं गेल्या एकतीस वर्षांत दोनदाच झालं होतं, आणि दोन्ही वेळा पडद्यांच्या कापडाबाबत. मेन्नोने केलं. तीन नव्या घरांचे फोटो त्याने स्वतः जाऊन काढले, त्यांच्या दारात उभं करून, आणि ते कडेला जोडले. कोणाचे किती फोटो यावरून मंडळात जो तंटा शिजत होता, तो आपोआप निवला, कारण निवड मेन्नोची नव्हती, रायन्डरची होती. आणि मेलेल्या माणसाशी कोण भांडणार? रुलीनबाई फक्त एवढंच म्हणाल्या, “माझा तो दात पडलेला फोटो आहे.” “आहे,” मेन्नो म्हणाला. “हसताय तुम्ही त्यात.” त्यांनी जरा विचार केला आणि फोटो राहू दिला.

कार्यक्रमाच्या सकाळपर्यंत नगरपालिकेचं उत्तर आलं नव्हतं, आणि परवानगीशिवाय घाटावर खिळा ठोकायची सोय नव्हती. छापलेल्या कापडाची गुंडाळी खांद्यावर घेऊन मेन्नो तिथे उभा होता, लग्नघरी चुकीच्या तारखेला पोचलेल्या पाहुण्यासारखा.

“घाट नगरपालिकेचा,” बाउके म्हणाला. “पाणी नाही.” त्याची जुनी बोट समोरच बांधलेली होती. दोघांनी मिळून कापड बोटीच्या अख्ख्या कुशीला बांधलं. वर चढायला बाउकेने परसातून एक शिडी आणली. ॲल्युमिनियमची होती. मेन्नोने तिच्याकडे पाहिलं, बाउकेने मेन्नोकडे, आणि विषय तिथेच राहिला.

अर्ध्या तासात बंदराचा अधिकारी सायकलवरून आला. “हे काय लावलंय?”

“ध्वज,” बाउके म्हणाला. “बोटीवर ध्वज लावायला परवानगी लागत नाही.”

“कुठल्या देशाचा?”

“झाउटकाडेचा.”

अधिकाऱ्याने सायकलवरून न उतरता एक पाय जमिनीवर टेकवला आणि तीन मीटर ध्वज या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचला. “सूर्यास्ताला उतरवायचा असतो,” असं सांगून तो गेला.

आळी गोळा झाली. कॉफी आली, गुलाबी साखरेचा थर दिलेला केक आला, माणसं कापडापुढे दाटीवाटी करून बोटांनी दाखवायला लागली. कोनिंग आपला फोटो शोधत होते. तो सापडला तेव्हा ते त्यात चार वर्षांचे होते, डोक्यावर कागदाचा मुकुट होता, आणि ते तिथेच उभे राहिले. मेन्नोला यातलं काही नीट दिसत नव्हतं. तो एकतीस नंबरच्या दाराकडे बघत होता.

पोस्टमाबाई साडेअकराला आल्या, चाकांचा वॉकर ढकलत, चांगला कोट घालून. गर्दीने वाट दिली. मेन्नोने मनात एक वाक्य तयार ठेवलं होतं. पोस्टमाबाई, शोध घेतला, पण शब्द आणि माणूस यांत फरक असतो, आणि प्रोग्रामला... हे सगळं त्याला अचानक फार फुटकळ वाटलं.

“तो नाही सापडला मला,” तो एवढंच म्हणाला. “त्रेसष्ट फोटो आहेत. एकातही नाही.”

त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्या कापडापाशी गेल्या आणि डाव्या टोकापासून बघायला लागल्या. दात पडलेली रुलीन हसत होती. हर्मेन न्हावी कात्री उगारून हसत होता. हिस्केची आई दोरीवर चादर टाकता टाकता मागे वळून बघत होती. बाउके, विशीतला, नव्या बोटीवर कंबरेवर हात ठेवून उभा. दारात बादली घेतलेली एक तरुण बाई, ओल्या हाताने कपाळावरचे केस मागे सारणारी, तिच्या चेहऱ्यावर ‘पुरे आता’ आणि ‘अजून एक’ असं दोन्ही होतं.

बाई उजव्या टोकापर्यंत गेल्या आणि पुन्हा मागे आल्या.

“मेन्नो,” त्या म्हणाल्या, “अरे, हे सगळे त्याच्याकडेच बघतायत.”

मेन्नोने मान हलवली.

“तो असाच उभा राहायचा. एवढ्या अंतरावर. एक डोळा मिटून.” त्यांनी चाकांचा वॉकर आणखी एक पाऊल मागे घेतला, जागा नीट बघून घेतली, बादली घेतलेल्या त्या तरुण बाईच्या बरोबर समोर. “आला,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “आज लगेच आला.”

कालव्यावरून वारा आला, कापड फुगलं आणि खाली बसलं. पोस्टमाबाईंनी कोटाची कॉलर सरळ केली, हात वर नेला आणि कपाळावरचे केस मागे सारले.